आमच्या घरचे पौल आणि याकोब

आमच्या घरात पौल आणि याकोब यांचे भांडण माझ्या जन्माच्या आधीपासून चालू होते. पौलाची बाजू वडिलांकडे होती आणि याकोबाची आईकडे. वडील शाळामास्तर असल्यामुळे त्यांची बाजू व्यवस्थित मांडली जाई; आई नर्स असल्यामुळे तिची बाजू बहुधा मांडली जात नसे, ती कामात दिसे. माणूस तारला जातो तो विश्वासाने, स्वतःच्या कर्तबगारीने नव्हे, असे वडील ठामपणे सांगत. आई विचारी, "पण विश्वास आहे की नाही, हे शेजाऱ्याला कळावे कसे?" वडील म्हणत, "शेजाऱ्याला कळायची गरज काय? देवाला कळले म्हणजे पुरे." त्यावर आई म्हणे, "देवाला भूक लागत नाही. शेजाऱ्याला लागते." मग पाने मांडली जात आणि वाद दुसऱ्या दिवसावर जाई.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकासाठी या वादाचे मूळ सांगायला हवे. नव्या करारात पौलाचे रोमच्या मंडळीला लिहिलेले पत्र आहे आणि याकोबाचेही एक लहानसे पत्र आहे. पौलाचे म्हणणे असे, की नियमशास्त्र पाळून कोणी देवापुढे निर्दोष ठरत नाही. ठरतो तो विश्वासामुळे. याकोब विचारतो, की उघड्यानागड्या, उपाशी भावाला नुसता तोंडी आशीर्वाद देऊन वाटेला लावणाऱ्याच्या विश्वासात जीव आहे असे कसे म्हणावे? गंमत अशी, की दोघांचा साक्षीदार एकच आहे : अब्राहाम. निपुत्रिक, म्हातारा अब्राहाम रात्री आभाळाकडे पाहतो आणि ताऱ्यांइतकी संतती होईल या वचनावर विश्वास ठेवतो. पौल आपल्याला तिथे, उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात नेऊन उभे करतो. याकोब बाविसावा अध्याय उघडतो. तिथे तोच अब्राहाम त्या संततीतल्या इसहाकाला घेऊन तीन दिवसांची वाट चालून डोंगरावर जातो. मार्टिन ल्यूथरने १५२२ साली नवा करार जर्मन भाषेत आणला, तेव्हा पौलाच्या वाक्यात 'केवळ' असा एक शब्द आपल्या पदरचा घातला आणि प्रस्तावनेत याकोबाच्या पत्राला गवताच्या काडीचे मोल दिले. त्या एका शब्दावरून युरोपातली मंडळी दुभंगली. ल्यूथरपंथी आणि रोमन कॅथलिक यांनी या प्रश्नावर एका निवेदनावर सह्या केल्या त्या ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, ऑग्सबर्ग येथे. म्हणजे पावणेपाचशे वर्षांहून अधिक काळ हे भांडण चालले. आमच्या घरचे त्या मानाने लवकर मिटले.

मराठी माणसाला हा वाद परका वाटू नये. ज्ञान श्रेष्ठ मानतोस तर मला कर्मात का लोटतोस, असे अर्जुनाने गीतेच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभीच विचारले आहे. पण आमच्याकडे हा प्रश्न पुस्तकात राहिला नाही, आणि त्याचे कारण आमचा जिल्हा.

माझे बालपण चांद्याला गेले. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अचलेश्वर अशा चार दरवाजांचा गोंड राजांचा परकोट, त्याच्याबाहेर झरपट आणि इरई, आणि त्यापलीकडे सागाचे, बांबूचे, मोहाचे रान. १९८२ साली गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, तोपर्यंत हे रान तोडून न दाखवता येणारे एकच होते. थेट सिरोंच्यापर्यंत, जिथे प्राणहिता गोदावरीला मिळते. या एवढ्या मुलखात ख्रिस्ती माणसे मूठभर. चांद्याला स्कॉटलंडच्या एपिस्कोपल मंडळीचे मिशन होते. तिथे काम केलेले अलेक्झांडर वुड पुढे १९२६ साली नागपूरचे बिशप झाले. सिरोंच्याला अमेरिकन मेथडिस्ट आले. १९६२ पासून केरळातल्या सिरो-मलबार मंडळीचे धर्मगुरू आले. प्रत्येकाचे विश्वासपत्रक थोडे निराळे. पण रानात शिरल्यावर प्रत्येकाने शाळा काढली, औषधाची पेटी उघडली. विश्वास सांगायला आलेल्या माणसाला ताप, खोकला, सडलेले पाय आधी दिसत. तेव्हा कृती हा विश्वासाचा पुरावा की विश्वासाची जाहिरात, असा प्रश्न गावकऱ्यांच्या मनात येई, आणि तो रास्त होता. औषधाच्या बाटलीमागे बाप्तिस्म्याचे पाणी तर नाही ना, असे विचारणाऱ्याला लबाड म्हणता येत नाही. वडील म्हणत, "बघ, तुझ्या याकोबाच्या गाडीला ही खीळ आहे. कृतीच्या पोटात हेतू असतो, आणि हेतू देवाशिवाय कोणाला दिसत नाही." याला आईपाशी उत्तर नसे. ती दुसऱ्या दिवशी कामाला जाई.

घरात एकच व्यक्ती अशी होती, की जिला दोघेही आपल्या बाजूची साक्षीदार म्हणून बोलावीत. ती म्हणजे पंडिता रमाबाई. रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलम येथे पतित म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी चालवलेले घर दाखवले. ज्यांना समाज पायरीवर उभे करीत नाही त्यांच्याशी या बायका असे का वागतात, असे रमाबाईंनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. म्हणजे आधी कृती दिसली, मग तिच्यामागचा विश्वास. आई इथे थांबे. वडील पुढे जात. नीळकंठशास्त्री गोरे यांच्या लिखाणाने रमाबाईंच्या बुद्धीचे समाधान झाले, त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि तरी नंतर आपल्या साक्षीत त्यांनीच लिहून ठेवले, की तोवर आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. कृती पाहून झाली, तर्क पटला, शारदासदन काढून स्वतःची कृतीही सुरू झाली. तरी काहीतरी उणे होते, आणि ते भरून निघाले ते बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, केवळ विश्वासाने.

वडील विजयी मुद्रेने आईकडे पाहत. पण इतिहास तिथे थांबत नाही. तो विश्वास गवसल्यावर रमाबाई ध्यानाला बसल्या नाहीत. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि उपासमारीने हाडे उरलेल्या शेकडो मुली घेऊन परतल्या. चांदा तेव्हा मध्यप्रांतातच होता. १९०० च्या सुमारास केडगावच्या मुक्तिसदनातली माणसे दोन हजारांच्या घरात गेली होती. ज्या बाईने विश्वासाला सर्वांत वरचे स्थान दिले, तिच्याइतके काम त्या काळच्या महाराष्ट्रात फार थोड्यांनी केले. लहानपणी मला हे कोडे वाटे. मोठेपणी त्याची थोडी उकल झाली, पण ती पुस्तकातून झाली नाही; ती आमच्या जिल्ह्याच्या आजारातून झाली.

तो आजार म्हणजे कुष्ठरोग. महाराष्ट्रात कुष्ठरोगाचे नवे रुग्ण ज्या जिल्ह्यांत आजही अधिक सापडतात, त्यांत चंद्रपूर आणि गडचिरोली आहेत. हान्सेनने या रोगाचा जंतू १८७३ साली शोधला, आणि दुसऱ्याच वर्षी वेलस्ली बेली या आयरिश माणसाने डब्लिनला कुष्ठरोग्यांसाठी मिशन उभारले. अंबाल्याला शिक्षक असताना त्याने हे रुग्ण पाहिले होते. पुढे हिंदुस्थानभर, आमच्या बाजूला वऱ्हाडात कोठाऱ्यालाही, अशी इस्पितळे झाली. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. १९४० नंतर सल्फोन औषधे आली, तोपर्यंत या रोगावर खात्रीचा इलाज नव्हता. चौलमोगऱ्याच्या तेलाची दुखरी इंजेक्शने तेवढी होती. म्हणजे सुमारे सत्तर वर्षे ही माणसे असे काम करीत राहिली, की ज्यात रुग्ण बरा झाल्याचे समाधान जवळजवळ नव्हते. धुतलेली जखम पुन्हा चिघळे, आणि ती पुन्हा धुवायची. फळ दिसले की कृती आपली आपण चालते. फळ दिसत नसताना ती कशावर चालते, हा प्रश्न मला वडिलांच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा वाटतो. तो त्यांनी कधी मांडला नाही. आईच्या कामाकडे पाहून तो मला सुचला.

आणि आईच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा चांद्याहून फार लांब नव्हता. वरोऱ्याला होता. मुरलीधर देविदास आमटे या वकिलाने नगरपालिकेत उपाध्यक्ष असताना मैला डोक्यावरून वाहिला होता आणि आपण कशाला भीत नाही अशी त्यांची समजूत होती. एका पावसाळी रात्री रस्त्याच्या कडेला हातापायांची बोटे झडलेला, जखमांत किडे पडलेला तुळशीराम दिसला, आणि हा निर्भय माणूस घाबरून पळाला. मग परत आला. तुळशीरामावर आडोसा केला आणि तो मरेपर्यंत त्याची शुश्रूषा केली. १९५१ साली साधनाताई, दोन लहान मुले आणि सहा कुष्ठरोगी यांना घेऊन बाबा दगडधोंड्यांच्या माळावर राहायला गेले. त्याचे आनंदवन झाले. तिथे भीक नव्हती, दान नव्हते. नांगर होता, विहीर होती. ख्रिस्ती आश्रयस्थानांनी रुग्णाला छप्पर, अन्न आणि प्रार्थना दिली होती. बाबांनी त्याला काम दिले. ही उणीव आपल्यात होती हे ख्रिस्ती माणसाने मोकळेपणी मान्य करावे.

वडिलांची इथे अडचण होई. बाबा आमटे ख्रिस्ती नव्हते. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी उजवीकडे उभे राहणारे लोक आश्चर्याने विचारतात, की प्रभो, आम्ही तुला उपाशी, आजारी कधी पाहिले? आपण कोणाची सेवा केली हे त्यांना ठाऊकच नसते. त्यावरून आमच्या ओळखीचे कोणी कोणी म्हणत, की आमटे न कळत ख्रिस्तीच आहेत. वडिलांना हे मुळीच खपत नसे. "हा चोरटा बाप्तिस्मा झाला," ते म्हणत. "त्या माणसाने जे मागितले नाही, ते त्याच्या डोक्यावर ओतू नका. देवाच्या घरी काय लिहिले आहे ते तुम्हाला कोणी दाखवले?" माझ्या वडिलांच्या सगळ्या वादविवादातले हे मला सर्वांत प्रिय वाक्य आहे. आपल्या मताला अडचणीचे ठरणारे सत्य त्यांनी आपल्या रकान्यात ओढून घेतले नाही. तसेच उभे राहू दिले.

आता आमच्या घरचा वाद ज्या गोष्टीने थांबला ती सांगतो. १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेने कुष्ठरोगावर दोन-तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचवली, आणि काही वर्षांतच ती आमच्याकडे पोचली. त्या काळची ही गोष्ट. मी तेव्हा अहेरीकडे नोकरीला होतो. मला हे आधी धाकट्या बहिणीच्या पत्रातून कळले. जिल्ह्यातल्या एका मंडळीत एक प्रौढ माणूस उपासनेला येऊ लागला. औषधे पुरी घेतलेला, पूर्ण बरा. पण या रोगात गेलेली बोटे औषधाने परत येत नाहीत. बरा झालेला माणूसही आजारीच दिसतो. त्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी सगळे कठड्याशी गुडघे टेकत आणि द्राक्षारसाचा एकच प्याला ओठांओठांनी पुढे जाई. दोन-तीन रविवारांत रांगेचा क्रम बदलला. कोणी काही बोलले नाही. त्याच्या मागे असणारी माणसे त्याच्या पुढे गेली, आणि पुढे गेली ती पुढेच राहिली. त्याला ते समजले. तो शेवटच्या बाकावर बसू लागला आणि सर्वांच्या नंतर येऊ लागला. त्याच सुमारास याकोबाच्या पत्रावर प्रवचन झाले; ज्या अध्यायात श्रीमंताला चांगले आसन आणि गरिबाला पायाशी जागा देणाऱ्यांची कानउघाडणी आहे, त्यावरच. प्रवचन चांगले झाले असे सर्वांनी म्हटले. रांग तशीच राहिली.

मग एका रविवारी आई स्त्रियांच्या ओळीतून उठलीच नाही. तो माणूस कठड्याशी गेला, त्याने प्याला घेतला, आणि त्याच्यानंतर आई गेली. एवढेच. बाहेर आल्यावर तो तिला म्हणाला, "बाई, माह्यामुळं तुमाले बोल लागन." आई म्हणाली, "लागू दे." पुढच्या प्रभुभोजनाला आईच्या मागे वडील होते.

दोन कुटुंबे त्यानंतर काही दिवस कठड्याशी आली नाहीत. हळूहळू चार बायका आईच्या मागे राहू लागल्या. सगळी मंडळी बदलली असे मी म्हणणार नाही.

सुट्टीत घरी आलो तेव्हा मी आईला विचारले, की तुला त्यात काय विशेष होते? तू तर आयुष्यभर या माणसांच्या जखमा धुतल्यास. ती म्हणाली, "तिथे साबण असतो, पाणी असते. ते काम आहे. हा प्याला होता." मग थोडे थांबून म्हणाली, "मला भीती वाटली. प्यायले." तिला भीती वाटली याचेच मला नवल वाटले. बरा झालेला रुग्ण रोग देत नाही हे तिच्याइतके त्या मंडळीत कोणालाच माहीत नव्हते. प्रभूचा प्याला अपवित्र होत नाही हे वडिलांइतके कोणाला पटलेले नव्हते. म्हणजे ज्ञान घरात होते, विश्वास घरात होता, आणि तरी ओठ आणि प्याला यांच्यामध्ये काहीतरी उभे होतेच. वडिलांना मी काही विचारले नाही. त्यांनीच एका संध्याकाळी सांगितले, "तो प्याला हातात आला तेव्हा मला कळले, की मी इतकी वर्षे काय मानत होतो. त्याच्या आधी मी ते फक्त म्हणत होतो." त्यानंतर आमच्या घरी पौल आणि याकोब भांडल्याचे मला आठवत नाही.

मला वाटते, या दोन पत्रांमध्ये जी फट दिसते तिच्यात भीती राहते. वादळात होडीत घाबरलेल्या शिष्यांना येशू विचारतो, तुम्ही भित्रे का, तुम्हाला अजून विश्वास कसा नाही? तिथे विश्वासाच्या समोर त्याने भीती उभी केली आहे. शंकेचे किंवा आळसाचे नाव तो घेत नाही. मार्काच्या पहिल्या अध्यायात तो कुष्ठरोग्याला आधी हात लावतो, मग रोगी शुद्ध होतो. शुद्ध झाल्यावर हात लावायला कोणीही तयार झाले असते. भीतीपुढे नुसते मत टिकत नाही, आणि नुसती कृतीही फार दिवस टिकत नाही. तुळशीरामाकडे बाबांना परत नेणारी गोष्ट, केडगावात रमाबाईंना पुरून उरलेली गोष्ट आणि आईला कठड्यापर्यंत नेणारी गोष्ट एकच होती की नाही, हे मी सांगू शकत नाही. वडिलांचा चोरट्या बाप्तिस्म्याचा इशारा मला पाळायचा आहे. पण तिन्ही ठिकाणी भीती होती आणि पाऊल तिच्यातूनच पडले, एवढे नक्की.

मराठी भाषेने या बाबतीत मोठी सोय केली आहे. आपण विश्वास 'ठेवतो'. ठेवायचा म्हणजे हातातून सोडून दुसऱ्याच्या हवाली करायचा. १९७३ साली प्रकाश आमटे भामरागडजवळ हेमलकशाला गेले तेव्हा माडिया माणसे त्यांच्याजवळ येत नसत, रानात निघून जात. डॉक्टरांचा स्वतःच्या विद्येवर विश्वास होता. त्याचा उपयोग नव्हता. माडियांचा त्यांच्यावर बसायला हवा होता, आणि तो बसला एकेका रोग्यागणिक. माझ्या नोकरीच्या काळात बाजेवर रोगी घालून नदीनाले ओलांडत दूरच्या गावांतून येणारे लोक मी पाहिले आहेत. ते चार खांदेकरी जे करीत होते त्याला विश्वास म्हणावे की कृती? छप्पर उकलून पक्षाघाताच्या रोग्याला येशूपुढे उतरवणाऱ्या चौघांची गोष्ट शुभवर्तमानात आहे. येशूने त्यांचा विश्वास 'पाहिला' असे तिथे म्हटले आहे, आणि दिसण्यासारखे तर त्यांचे हातच होते.

हे सगळे जुने झाले, असे कोणी म्हणेल. तसे नाही. ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात २००१ साली सुधारणा झाली आणि जोडीदाराचा असाध्य कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण म्हणून घातले गेले. कुष्ठरोग बरा करणारी औषधे देशभर मिळत असताना हे घडले. ज्यांच्या प्रभूने कुष्ठरोग्याला हात लावला, त्यांच्या कायद्यात हे कलम होते. हिंदू आणि मुसलमान यांच्या कायद्यांतही त्याच्या जोडीची कलमे होती. २०१९ साली संसदेने ती सर्व एकदम काढली. हिशेब करताना दोन्ही साले लिहावीत.

गडचिरोलीच्या गावांत आता आशाताई घरोघर फिरून अंगावरचे फिकट चट्टे शोधतात. तपासणी अगदी साधी असते. माणसाला डोळे मिटायला सांगतात, चट्ट्यावर हलकेच स्पर्श करतात, आणि कुठे लागले ते बोटाने दाखवायला सांगतात. बोट बरोबर जागी गेले की पुढचे घर. नाही गेले तर चिठ्ठी लिहून दवाखान्यात पाठवणी. वेळीच गोळ्या सुरू झाल्या तर बोटे शाबूत राहतात. पुढच्या घरी जायच्या आधी ती बाई त्या माणसाला पाठ झाकायला सांगते आणि तिथेच, त्याच्या ओसरीवर बसून, त्याच्या घरचे पाणी पिते.